सर्व्हरची लिंक अधूनमधून जाते आणि आपोआप परत येते: शोध कुठून सुरू करावा?

जोडणीकार (सोमवार, १०:१५)

नमस्कार. गेले तीन आठवडे एका सर्व्हरच्या नेटवर्क जोडणीने मला हैराण केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लिनक्सवर चालणारा, डेटाबेस सांभाळणारा हा सर्व्हर आहे. मदरबोर्डवरच्या दोन गिगाबिट पोर्टांपैकी एकच वापरात आहे. सर्व्हरपासून पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी जोडकेबल, पॅच पॅनेलला, म्हणजे केबलांची टोके बसवलेल्या पट्टीला, जाते, तिथून छतातून गेलेली कायमची केबल दुसऱ्या खोलीतल्या पॅनेलवर उतरते आणि तिथून आणखी एका पॅच कॉर्डने स्विचला जोडलेली आहे. दिवसातून दोन-तीन वेळा सर्व्हर अर्धा-पाऊण मिनिट कोणालाच सापडत नाही, मग काहीही न करता परत सापडू लागतो. वेळ ठरलेली नाही. कधी भर कामाच्या वेळी, कधी पहाटे.

आतापर्यंत मी सर्व्हरकडची पॅच कॉर्ड बदलली आणि त्याच दिवशी सर्व्हर रीस्टार्टही केला. त्यानंतर दोन दिवस शांततेत गेले, म्हणून प्रश्न सुटला असे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्विचवरचा पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही. स्विच सांभाळणारे सहकारी म्हणतात की त्यांच्या बाजूला सर्व ठीक आहे आणि सर्व्हर पुरवणाऱ्यांचा तांत्रिक विभाग म्हणतो की ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवा. ऐन वापरातला डेटाबेस सर्व्हर केवळ एखाद्याच्या तर्कावरून पुसून टाकायला माझे मन धजत नाही.

अशा तक्रारीचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

शून्यएक (सोमवार, १०:४०)

ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती पाहा. ईथटूल या नेटवर्क कार्ड तपासणाऱ्या आज्ञेला लहान आय पर्याय दिला की दोन्ही दिसतात. त्याचबरोबर वीज बचतीची सोय, म्हणजे ट्रिपल-ई, बंद करून बघा. माझा पहिला संशय नेहमी तिच्यावर असतो.

निशाचर (सोमवार, ११:२५)

काहीही बंद करण्याआधी किंवा बदलण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या, असे मी कळकळीने सुचवेन. खरोखर लिंक, म्हणजे दोन टोकांमधली प्रत्यक्ष जोडणी, जाते आहे, की लिंक जागेवर असताना वाहतूक थांबते आहे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, पण दोन्हींचे रोग वेगळे आणि औषधेही वेगळी.

लिनक्समध्ये हे तपासणे सोपे आहे. सिस फाइलप्रणालीत क्लास, त्याखाली नेट आणि त्याखाली तुमच्या इंटरफेसच्या नावाचे फोल्डर असते. त्यात कॅरियर चेंजेस नावाची फाइल आहे. लिंक गेली की तिच्यातला आकडा एकाने वाढतो आणि आली की पुन्हा एकाने. आजचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी सर्व्हर सापडेनासा झाला की तोच आकडा पुन्हा वाचा. तो वाढला नसेल तर केबलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वाढला असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये लिंक डाउन आणि लिंक अप या दोन ओळींमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे ते पाहा आणि डाउनच्या अगदी आधीची ओळ काळजीपूर्वक वाचा. तिथे ॲडॅप्टर रीसेट किंवा ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट अशी नोंद असेल, तर कार्ड किंवा ड्रायव्हर स्वतः कोलमडला आणि लिंक त्याच्या मागोमाग गेली. आधी काहीच नसताना लिंक थेट गेली असेल, तर कारण बहुधा सर्व्हरच्या बाहेर आहे.

दुसरे म्हणजे सर्व्हर आणि स्विच या दोघांची घड्याळे एकाच एनटीपी स्रोताशी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या एकाच यंत्राशी, जुळवून घ्या. घड्याळे जुळलेली नसतील तर दोन्ही लॉग शेजारी ठेवून काहीही निष्पन्न होत नाही. "आमच्या बाजूला सर्व ठीक आहे" या उत्तरावर थांबू नका. त्या पोर्टचा लॉग मागून घ्या.

तांब्याचीतार (सोमवार, १३:०५)

निशाचर यांच्याशी सहमत आहे, तरी केबलबद्दल आत्ताच लिहून ठेवतो, कारण मूळ लेखातल्या एका वाक्यावर माझे लक्ष अडकले आहे. आपण सर्व्हरकडची पॅच कॉर्ड बदलली. पण मार्गात तीन तुकडे आणि दोन पॅनेल आहेत. आपण एक तुकडा बदलला आणि मनातल्या मनात "केबल" या शब्दावर फुली मारली. बहुतेक जण इथेच चकतात.

जुन्या शंभर मेगाबिटच्या जोडणीला चारपैकी दोनच जोड्या लागत, म्हणजे १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. तांब्यावरच्या गिगाबिटला, म्हणजे १९९९ साली प्रमाणित झालेल्या ८०२.३एबीला, चारही जोड्या लागतात. वेगाची बोलणी करणारे स्पंद मात्र अजूनही त्याच दोन जुन्या जोड्यांवरून जातात. समजा ७-८ ही तपकिरी जोडी कुठेतरी सैल आहे. दोन्ही टोके बोलणी करतात, "आपण दोघे गिगाबिट जाणतो" असे ठरवतात, प्रत्यक्ष जुळणी सुरू होते आणि चौथी जोडी दगा देते. मग पुन्हा बोलणी, पुन्हा अपयश. बऱ्याच चिपांमध्ये अशा काही फसलेल्या प्रयत्नांनंतर स्वतःहून शंभर मेगाबिटवर उतरण्याची सोय असते. म्हणून लिंक परत आली की ती कोणत्या वेगाने आली, हे दर वेळी पाहा. एकदा जरी १०० हा आकडा दिसला, तरी मी ड्रायव्हरचा विचार बाजूला ठेवीन आणि टॉर्च घेऊन पॅनेलच्या मागे जाईन.

आणखी एक. दिवे लावून तपासणाऱ्या साध्या टेस्टरवर विसंबू नका. तो फक्त एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते का, एवढेच सांगतो. कोणी ३ आणि ६ या पिनांवर एकाच पिळाच्या तारा न घेता दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा घेतल्या असतील, तर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि केबल मात्र शेजारच्या जोडीचा आवाज ओढून घेत राहते. पिळाचा सगळा उपयोगच तिथे संपतो. तसेच भरीव तारेसाठीचा प्लग वेगळा आणि बारीक धाग्यांच्या तारेसाठीचा वेगळा. चुकीचा प्लग क्रिंप केला तर काम पहिल्या दिवशी उत्तम चालते, काही महिन्यांनी कुरबुरी सुरू होतात.

जोडणीकार (मंगळवार, ०९:५०)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल सायंकाळपासून तीन घटना पकडता आल्या.

कॅरियर चेंजेसचा आकडा तिन्ही वेळा दोनाने वाढला, म्हणजे लिंक खरोखरच जाते. डाउनच्या आधी रीसेटची किंवा इतर कोणतीही ओळ नाही. दोन घटनांत लिंक चार सेकंदांनी एक हजारवर परत आली. तिसरीत मात्र नऊ सेकंद लागले आणि ती शंभरवर आली. अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन हजारवर आली. स्विचचा लॉगही मिळाला. घड्याळे आता जुळलेली आहेत आणि दोन्हीकडे लिंक एकाच सेकंदाला गेलेली दिसते.

एक कोडे मात्र सुटत नाही. लिंक चार सेकंदांत परत येते, तरी पिंगला, म्हणजे सर्व्हर सापडतो का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर मिळायला चौतीस सेकंद लागतात. उरलेली तीस सेकंदे कुठे जातात?

उत्तररात्र (मंगळवार, १०:१०)

ती तीस सेकंदे स्विच घेतो. आपल्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री चालू आहे आणि तो पोर्ट एज पोर्ट म्हणून, म्हणजे पुढे स्विच नसून टोकाचे यंत्र आहे असा, जाहीर केलेला नाही. लिंक आली की स्विच आधी पंधरा सेकंद ऐकतो, मग पंधरा सेकंद पत्ते शिकतो आणि त्यानंतरच वाहतूक सोडतो. आपल्या जाळ्यात वळसा तयार होऊ नये म्हणून ही खबरदारी असते. नवी जलद आवृत्ती चालू असली तरी हेच घडते, कारण समोरचा सर्व्हर स्विचच्या प्रस्तावाला उत्तर देत नाही आणि पोर्ट जुन्याच गतीने पुढे सरकतो.

सर्व्हरकडे जाणारा पोर्ट एज म्हणून घोषित करायला सांगा आणि त्याबरोबर बीपीडीयू गार्डही लावायला सांगा, म्हणजे चुकून कोणी तिथे दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद होईल. मूळ दोष याने जाणार नाही, पण चौतीस सेकंदांचा खंड चारवर येईल. डेटाबेसच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. चार सेकंदांत टीसीपी हा प्रोटोकॉल पॅकेट पुन्हा पाठवून जोडणी सांभाळून घेते. चौतीस सेकंदांत वरच्या थरांतल्या कालमर्यादा संपू लागतात आणि वापरकर्त्याला त्रुटीचा संदेश दिसतो.

शून्यएक (मंगळवार, १०:३०)

लिंक शंभरवर उतरते आहे, तर सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे वेग एक हजार, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) असा पक्का करून टाका आणि बोलणी बंद करा. कटकटच मिटेल.

निशाचर (मंगळवार, १०:५५)

शून्यएक, या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये बोलणी ऐच्छिक नाही, ती प्रमाणातच बंधनकारक आहे. घड्याळाच्या बाबतीत दोन टोकांपैकी कोण पुढारी आणि कोण अनुयायी हेदेखील त्याच बोलणीत ठरते. अनेक ड्रायव्हर तर बोलणी बंद करून हजार मागितले की आज्ञाच नाकारतात.

शंभर मेगाबिटच्या काळात वेग पक्का करण्याची सवय लागली आणि तिने फार नुकसान केले. एका बाजूला फुल डुप्लेक्स पक्का आणि दुसरी बाजू बोलणीवर सोडलेली, असे झाले की दुसऱ्या बाजूला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून ती हाफ, म्हणजे आळीपाळीने एकेका दिशेची वाहतूक, धरून चालते. लिंकचा दिवा अखंड हिरवा राहतो, पिंग चालते आणि मोठी फाइल पाठवायला घेतली की गती कोसळते. एका बाजूला उशिराच्या टकरी आणि दुसऱ्या बाजूला सीआरसी चुका (डेटाचा तुकडा बिघडून आल्याच्या) असे चित्र दिसले, तर हाच दोष समजावा.

शून्यएक (मंगळवार, ११:१५)

बोलणी बंद करण्याचा मुद्दा मागे घेतो. पण बोलणी चालू ठेवून फक्त हजारचाच वेग जाहीर करता येतो. मग लिंक येईल तर हजारवर येईल, नाहीतर येणारच नाही. शंभरवर रखडणाऱ्या सर्व्हरपेक्षा तो बरा, कारण रखडणारा सर्व्हर कोणाच्या लक्षातच येत नाही.

तांब्याचीतार (मंगळवार, ११:४०)

शोध घेण्यापुरते हे योग्य आहे. दोष स्पष्ट होतो. पण आजारी जोडी तशीच ठेवून ऐन वापरातल्या सर्व्हरवर हे करू नये. शंभरवर का होईना, पण चालणारा सर्व्हर हातातून जाईल.

आणि जोडणीकार, तो एक आकडा आपल्याला मिळाला. शंभर. आता पॅनेलच्या मागे जा.

प्रकाशवाट (मंगळवार, १४:२०)

माझे काम बहुतेक फायबरवर असते. तिथला अनुभव थोडा वेगळा आहे, पण शोधाची रीत तीच, म्हणून लिहिते.

आमच्याकडे दहा गिगाबिटची एक लिंक रोज काही क्षण जात असे. मॉड्यूल, म्हणजे प्रकाश पाठवणारा-घेणारा सुटा भाग, बदलले, ड्रायव्हर बदलला, पुरवठादाराने कार्डही बदलून दिले. शेवटी ईथटूलला लहान एम पर्याय देऊन मॉड्यूल स्वतःबद्दल काय सांगते ते वाचले. त्यात तापमान, विद्युतदाब, पाठवला जाणारा प्रकाश आणि मिळणारा प्रकाश हे सर्व असते. पाठवला जाणारा प्रकाश उत्तम होता, मिळणारा मात्र उणे दहा डीबीएमच्या (प्रकाशशक्तीच्या एककाच्या) आसपास घुटमळत होता. ८५० नॅनोमीटरच्या एसआर, म्हणजे कमी अंतराच्या, प्रकारात स्वीकारणाऱ्या टोकाला किमान उणे ९.९ डीबीएम सरासरी प्रकाश लागतो. म्हणजे आमची लिंक अगदी काठावर उभी होती. काठावरची लिंक कधी चालते, कधी पडते, आणि त्यामुळेच ती सॉफ्टवेअरचा दोष असल्यासारखी भासते.

सूक्ष्मदर्शक तपासणी यंत्राने कनेक्टरचे टोक पाहिले. मधल्या गाभ्यावरच बोटाच्या तेलाचा डाग होता आणि त्याला धुळीचा एक कण चिकटलेला. एसआरसाठी वापरतात त्या मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा. तिथे एक कणसुद्धा डोंगराएवढा. कोरड्या सफाई-पेनने एकदा टोक पुसल्यावर मिळणारा प्रकाश चार डीबीने वाढला. तीन डीबी म्हणजे दुप्पट, तेव्हा चार डीबी म्हणजे अडीचपट. त्यानंतर ती लिंक पडलेली नाही. तेव्हापासून मी नवी कॉर्डसुद्धा पिशवीतून काढली की आधी पाहते, मग पुसते, पुन्हा पाहते आणि मगच लावते.

पंचवीस गिगाबिटवाल्यांसाठी एक जोड. तिथे चूक-दुरुस्तीची पद्धत, म्हणजे एफईसी, दोन्ही टोकांना एकच हवी. एकीकडे आरएस ही पद्धत आणि दुसरीकडे काहीच नाही असे असेल, तर लिंक येतच नाही किंवा येते-जाते, आणि दोष केबलवर ढकलला जातो.

मंदवारा (मंगळवार, १६:०५)

रीस्टार्ट केल्यावर दोन दिवस ठीक चालले, या मुद्द्याकडे कोणी पाहिलेले नाही. रीस्टार्टने बरे होणारे दोष सहसा कार्डाच्या अवस्थेत असतात. माझ्या पाहण्यातली तीन कारणे सांगतो.

पहिले कारण उष्णता. सर्व्हरसाठी बनवलेल्या बऱ्याच कार्डांवर स्वतःचा पंखा नसतो. चेसिसमधल्या जोरदार हवेवर ती थंड राहतात. तेच कार्ड साध्या पेटीत बसवले तर दुपारी त्रास देते आणि रात्री शहाण्यासारखे वागते. तांब्यावरच्या दहा गिगाबिटची एसएफपी मॉड्यूले तर हात लावू नये इतकी तापतात.

दुसरे कारण पीसीआयई स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच. कर्नलच्या लॉगमध्ये दुरुस्त झालेल्या पीसीआयई चुकांची रांग दिसत असेल, तर कार्ड काढून, संपर्कपट्टी पुसून पुन्हा नीट बसवा.

तिसरे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सर्व्हरचा दूरनियंत्रक, म्हणजे बीएमसी, अनेकदा मदरबोर्डवरचा पहिला पोर्ट ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर वाटून घेतो. त्याचा स्वतंत्र पोर्ट रिकामा असेल आणि आपोआप पर्यायी पोर्ट शोधण्याची सोय चालू असेल, तर बीएमसीच्या हालचालीने तुमची लिंक क्षणभर जाऊ शकते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये त्याचे कारण कधीच सापडणार नाही, कारण तिला ते ठाऊकच नसते.

जोडणीकार (मंगळवार, १७:३०)

मंदवारा, बीएमसीला स्वतंत्र पोर्ट दिलेला आहे आणि वाटून घेण्याची सोय बंद आहे. आत्ताच खात्री केली. पीसीआयईच्या चुका नाहीत. मदरबोर्डवरच्या चिपचे तापमान मात्र वाचता आले नाही.

नवीवाट (बुधवार, ०८:४५)

मूळ विषयाला थोडे लागून विचारते. आमच्या सर्व्हरवर कॅरियर चेंजेसचा आकडा अजिबात वाढत नाही, तरी संपर्क तुटतो. मग कुठे पाहावे?

उत्तररात्र (बुधवार, ०९:२०)

ठरावीक अंतराने तुटत असेल तर त्या अंतराला कोणत्या घड्याळाचा आकडा जुळतो ते शोधा. डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप मिळालेल्या आयपी पत्त्याचा, करार अर्ध्या मुदतीवर नूतनीकरण मागतो आणि ते फसले तर साडेसत्याऐंशी टक्क्यांवर पुन्हा. एका तासाच्या करारात दर अर्ध्या तासाला काही बिघडत असेल, तर उत्तर समोरच आहे. अंतर ठरावीक नसेल तर तोच आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राला दिलेला नाही ना, हे आर्पिंग या आज्ञेने तपासा. दोन वेगवेगळे मॅक पत्ते (कार्डांचे स्वतःचे पत्ते) उत्तर देऊ लागले की शोध संपला. लॉगिन होते, पण मोठी यादी मागितली की पडदा गोठतो, असे असेल तर मार्गातल्या एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ पाहा. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचे पिंग पाठवा. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की १५०० होतात.

निशाचर (बुधवार, १०:००)

आणि पॉज फ्रेम विसरू नका. गुदमरलेले कार्ड समोरच्या स्विचला "थांब" असे सांगत राहते. लिंक जागेवर असते, दिवा हिरवा असतो आणि वाहतूक शून्य. ईथटूलच्या मोठ्या एस पर्यायाने येणाऱ्या आकडेवारीत पॉजचे आकडे वेगळे दिसतात.

जोडणीकार, तुम्हीही ती आकडेवारी पाहा. सीआरसी चूक नेहमी स्वीकारणाऱ्या टोकाला मोजली जाते. सर्व्हरकडे आकडा वाढत असेल तर बिघाड स्विचकडून सर्व्हरकडे येणाऱ्या दिशेत आहे.

तांब्याचीतार (बुधवार, १०:३५)

फायबरवर हे तंतोतंत खरे आहे, कारण तिथे जाण्याचा धागा वेगळा आणि येण्याचा वेगळा. तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये मात्र प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संकेत जातात. त्यामुळे एका सैल जोडीचा परिणाम दोन्ही टोकांना दिसू शकतो आणि दिशेवरून निष्कर्ष काढताना सांभाळावे लागते.

निशाचर (बुधवार, १०:५०)

मान्य आहे. दुरुस्तीबद्दल आभार. दिशेला आणखी एक अपवाद त्याच ओघात सांगतो. काही स्विच फ्रेम पूर्ण येण्याची वाट न पाहता तिचे डोके दिसताच ती पुढे ढकलू लागतात. शेपटीत असलेला सीआरसी तपासला जाईपर्यंत फ्रेम बरीचशी निघून गेलेली असते. अशा स्विचच्या मागे असलेल्या सर्व्हरवर सीआरसी चुका दिसतात, पण बिघडलेली केबल भलत्याच पोर्टवर असते. स्विचच्या सर्व पोर्टांची आकडेवारी एकत्र पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

मंदवारा (बुधवार, १२:१०)

सर्व्हरवर दुसरा पोर्ट रिकामा आहे. दोन्हींचे बॉन्डिंग, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी, करून टाकले तर एक पडला तरी दुसरा चालेल. तीन आठवडे वाया का घालवायचे?

उत्तररात्र (बुधवार, १२:४५)

बॉन्डिंग करावेच, फक्त ते या दोषाचे उत्तर समजू नये. एक पाय लंगडा असलेला सर्व्हर बॉन्डिंगखाली महिनोन्महिने सुखाने चालतो. ज्या दिवशी दुसरा पाय मोडतो, त्या दिवशी पहिला आधीच निकामी होता हे कळते. म्हणून आधी शोध, मग बॉन्डिंग.

करताना दोन गोष्टी पाहा. मिमॉन, म्हणजे लिंक किती वेळाने तपासायची ते ठरवणारी किंमत, शून्य असेल तर लिंकवर पहारा नसतो. ती शंभर मिलिसेकंद ठेवणे ही चांगली सुरुवात आहे. एलएसीपी, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना निरोप देत बॉन्डिंग सांभाळण्याची पद्धत, वापरत असाल तर संथ रीतीत दर तीस सेकंदांनी एक निरोप जातो आणि नव्वद सेकंद निरोप आला नाही तरच समोरचा गेला असे मानले जाते. जलद रीतीत हेच आकडे एक आणि तीन सेकंद आहेत. लिंक पडली तर ती लगेच कळते. पण लिंक उभी आणि पलीकडचे यंत्र गोठलेले, अशा वेळी नव्वद सेकंद फार जड जातात.

जोडणीकार (शुक्रवार, ११:००)

दोन दिवस लिहू शकलो नाही, कारण पॅनेलच्या मागे होतो. सापडले.

आकडेवारीत सीआरसी चुका दोन्ही टोकांना वाढत होत्या, म्हणजे तांब्याचीतार यांचा इशारा बरोबर ठरला. आमच्या स्विचमध्ये केबल तपासण्याची सोय आहे. तो तारेत स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो त्यावरून बिघाडाचे अंतर सांगतो. तपासणीत लिंक पडते, म्हणून परवानगी घेऊन रात्री अकरानंतर केली. पहिल्या तपासणीत चारही जोड्या निर्दोष आल्या. क्षणभर वाटले की हाही मार्ग बंद झाला. मग सहकाऱ्याला सर्व्हरच्या रॅकमागे उभे केले आणि पॅनेलमध्ये शिरणारा केबलांचा जुडगा हाताने हलकेच वर उचलून धरायला सांगितला. त्याने तो धरलेला असताना पुन्हा तपासणी केली. तीन जोड्या निर्दोष आणि चौथी ४१ मीटरवर उघडी. सोडायला सांगितले, पुन्हा तपासली, चारही निर्दोष. असे लागोपाठ चार वेळा करून पाहिले आणि चारही वेळा तेच उत्तर आले.

स्विचपासून आमच्या पॅनेलपर्यंतचे अंतर साधारण तेवढेच आहे. पॅनेल उतरवून टॉर्चच्या उजेडात भिंग धरले. सात तारा खाचेत तळापर्यंत बसलेल्या होत्या. आठवी, संपूर्ण तपकिरी, खाचेच्या अर्ध्यातच थांबलेली. खाचेतल्या पात्याने तिचे आवरण एकाच कडेला कापले होते आणि तांबे त्या कडेला जेमतेम टेकत होते. जुडग्याला मागे आधारपट्टी नव्हती, त्यामुळे त्याचा भार त्या खाचांवर येत होता. कोणी रॅकमध्ये काम केले, मागचे दार जुडग्याला घासले, की ती तार सुटे आणि पुन्हा टेके. काही घटना रॅकमधल्या कामाच्या नोंदींशी जुळल्या, सगळ्या नाही.

रीस्टार्टचे कोडेही उलगडले. त्या दिवशी मी पॅच कॉर्ड बदलताना पॅनेलवर जोर दिला होता आणि तार जरा बरी टेकली असणार. श्रेय मी रीस्टार्टला दिले. दोन्ही एकाच दिवशी केले नसते तर दोन आठवडे वाचले असते.

तार कापून, नव्याने पंच टूलने बसवली आणि जुडगा आधारपट्टीला बांधला. आता तो हलवत तपासणी केली तरी चारही जोड्या निर्दोष येतात. स्विचचा पोर्टही एज केला आहे.

शून्यएक (शुक्रवार, ११:२०)

अभिनंदन! माझा वीज बचतीवरचा संशय चुकीचा ठरला याचा आनंदच आहे. ती सोय चालूच ठेवा.

प्रकाशवाट (शुक्रवार, ११:४५)

जुडगा हातात धरून तपासणी करण्याची कल्पना मी आता आमच्या तांब्याच्या पॅनेलांवरही वापरणार आहे. पहिल्या निर्दोष निकालावर आपण थांबला नाहीत, तिथेच हा दोष पकडला गेला.

तांब्याचीतार (शुक्रवार, १२:३०)

फार समाधान वाटले. एकच विनंती. त्या पॅनेलवर चोवीस पोर्ट असतील, तर बाकीचे तेवीसही बहुधा त्याच हाताने, त्याच दिवशी आणि त्याच बोथट पात्याच्या टूलने बसवलेले असणार. पॅनेल उतरवलेलेच आहे, तर सगळे पाहून घ्या. पंच टूलचे पातेही बदला.

जोडणीकार (पुढचा गुरुवार, १६:४०)

चोवीसही पाहिले. सतराव्या पोर्टवर ४-५ ही निळी जोडी अर्धवट बसलेली निघाली आणि बाविसाव्यावर पुन्हा तपकिरी. सतराव्या पोर्टवरचे यंत्र गेले सहा महिने शंभर मेगाबिटवर चालत होते आणि "हे यंत्र मुळातच संथ आहे" असे सगळे धरून चालले होते. दोन्ही नव्या पात्याने पुन्हा बसवले आणि ते यंत्र आता हजारवर आहे. डेटाबेस सर्व्हरचा कॅरियर चेंजेसचा आकडा शुक्रवारपासून हललेला नाही. दुसऱ्या पोर्टसाठी वेगळ्या मार्गाने केबल टाकण्याचे काम सोमवारी सुरू होईल, त्यानंतर बॉन्डिंग.